रिसेप्शनचं वर्ष आणि घरातली मराठी

प्रश्न: आम्हाला इंग्लंडमध्ये येऊन दीड वर्ष झालं. मुलीला ऑगस्टच्या सुरुवातीला चार पूर्ण झाली आणि सप्टेंबरमध्ये ती रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेतल्या पहिलीच्या आधीच्या वर्गाला, जाऊ लागली. वर्गात सगळ्यात लहान तीच. घरी आम्ही फक्त मराठी बोलतो. नोव्हेंबर संपत आला तरी ती वर्गात तोंड उघडत नाही, असं तिच्या बाई म्हणाल्या. पुण्यातला तिचा मावसभाऊ ज्युनियर केजीत आहे, तो सगळी अक्षरं लिहितो, शंभरपर्यंत म्हणून दाखवतो. हिच्या बुक बॅगेतून मात्र जे पुस्तक आलं त्यात एकही शब्द नाही. हे म्हणतात, आता घरातही इंग्रजीच बोलू या. ताई, काय करू?

उत्तर: घरातली मराठी बंद करू नका. हे आधी सांगते, बाकीचं मागून.

तुमच्या मुलीला जड-हलकं कळतं, आधी-नंतर कळतं, 'ओतू नकोस, सांडेल' म्हटलं की का सांडेल तेही कळतं. ही समज तिला मराठीतून आली आहे. शाळेत तिला त्यासाठी फक्त नवे शब्द मिळवायचे आहेत. तुम्ही दोघं उद्यापासून इंग्रजीत बोलू लागलात तर काय होईल, ते मी अनेक घरांत पाहिलं आहे. गप्पा आटतात. 'शूज घाल', 'फास्ट खा', 'गुड गर्ल' एवढंच उरतं. चार वर्षांच्या मुलाला भरपूर, सविस्तर, नादमय बोलणं ऐकायला लागतं, आणि तसं बोलणं आपल्या तोंडून मराठीतच येतं. इथल्या शाळाही घरची भाषा सोडा असं सहसा सांगत नाहीत. उलट बोला म्हणतात.

गप्प राहण्याचं म्हणाल, तर नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं आधी ऐकत राहतात. काही आठवडे, काही वेळा काही महिनेसुद्धा. बाईंना इतकंच विचारा: ती सांगितलेलं ऐकून तसं करते का? बोटाने दाखवते का? मुलांच्या जवळ जाऊन खेळते का? घरी आंघोळ करताना शाळेतलं गाणं गुणगुणते का, ते तुम्ही ऐका. यातलं काही होत असेल तर आतमध्ये काम चालू आहे. मात्र ती मराठीतही कमी बोलत असेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, जाऊन कान तपासून घ्या. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं फार होतं, आणि त्याने ऐकू कमी येतं.

आता अक्षरांचं. इथे अक्षराचं नाव आधी शिकवत नाहीत, त्याचा आवाज शिकवतात. बऱ्याच शाळांत सुरुवातीला एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं घेतात, कारण एवढ्यावरच कितीतरी छोटे शब्द जुळतात. माझ्या मुलाच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं. मी रोज संध्याकाळी 'सी-ए-टी कॅट' घोकून घ्यायचे. तो शाळेत एक शिकून यायचा, घरी आई दुसरंच म्हणायची, आणि पोर रडकुंडीला यायचं. ती चूक माझी होती. तुम्ही करू नका.

खरं तर मराठी आईबापांना हे जमायला सोपं आहे. आपल्याला पाय मोडलेलं अक्षर माहीत असतं. एम म्हणजे 'म' नव्हे, पाय मोडलेला 'म्'. म्, ऍ, ट्, म्हणजे मॅट. तेच तुम्ही 'म, ऍ, ट' असं पूर्ण अक्षर म्हणालात की आवाज जुळता जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक अक्षराचा पाय मोडून म्हणा. दोन ठिकाणी जपा: व्ही आणि डब्ल्यू. आपण दोन्हींना 'व' म्हणतो. इथे व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो. हे तिलाच शिकवायला सांगा, आईला शिकवताना तिला आनंद होईल. पुढच्या शालेय वर्षी, पहिलीच्या जूनमध्ये, फोनिक्सची, म्हणजे आवाज जुळवून वाचण्याची, छोटी चाचणी असते. 40 शब्द, त्यातले 20 बनावट, अर्थच नसलेले, म्हणजे पाठांतर चालत नाही. आवाज जुळवता आले पाहिजेत.

आणि ते बिनशब्दांचं पुस्तक! ते तिला मराठीत सांगू दे. सोफ्यावर तिला कुशीत घ्या, पहिलं पान उघडा आणि गप्प राहा. मी असंच थांबले होते तेव्हा माझा मुलगा बराच वेळ चित्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कुत्र्याने मोजा पळवला. आता बाबा ओरडणार." पुढे काय होईल याचा अंदाज, का झालं याचं कारण, सगळं त्या दोन वाक्यांत होतं. वाचन इथूनच सुरू होतं. नंतर रीडिंग रेकॉर्डमध्ये, म्हणजे घरच्या वाचनाची नोंद करायच्या शाळेच्या वहीत, खुशाल लिहा, 'गोष्ट मराठीत सांगितली'. बाईंना ते कळायला हवं.

पुण्याच्या भावाशी तुलना सोडा. रिसेप्शनच्या अखेरीस अपेक्षा असते ती दहापर्यंतच्या संख्यांची पक्की समज आणि पाचच्या जोड्या तोंडपाठ, म्हणजे तीन आणि दोन, चार आणि एक. शंभरची घाई नाही. ताटात पाच पोळ्या ठेवा, दोन बाबांना वाढल्या, उरल्या किती? सापशिडी खेळा, फाशावरचे ठिपके न मोजता ओळखू दे. आजी व्हिडिओ कॉलवर 'म्हणून दाखव' म्हणाल्या तर त्यांनाच गोष्ट सांगायला लावा.

कोटाची चेन लावणं, एकटीने शौचाला जाऊन हात धुणं, काट्या-चमच्याने खाणं, ही कामं मात्र याच महिन्यात शिकवा. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत रिसेप्शनपासून दुसरीपर्यंत दुपारचं जेवण फुकट असतं, पण हाताने खायची सवय असलेलं मूल त्या गडबडीत उपाशी राहतं. घरी आठवड्यातून दोन दिवस काट्या-चमच्याने जेवा, सगळेच.

आणखी एक काम आजच करा. एका कागदावर ती अडचणीत पडली की जे शब्द वापरते ते लिहा: पाणी, शू, शी, दुखतंय, बास, आई हवी. प्रत्येकाचा उच्चार इंग्रजी अक्षरांत आणि समोर अर्थ. वर तिचं नाव, घरी जसं म्हणता तसं, तुकडे पाडून. बाईंना प्रत्यक्ष भेटून ते नाव त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. मग सोमवारी वर्गात ती 'दुखतंय' म्हणाली तर तिथे कुणालातरी कळेल.