मराठी माध्यमात शिकून आंतरराष्ट्रीय शाळेत इंग्रजी आणि ड्रामा शिकवता येतं का?

तुम्ही बडोद्यात मराठी शाळेत शिकलात, इंग्रजीत बी.ए. केलंत, गणपतीत नाटकं केलीत. आणि एवढ्या शिदोरीवर ही नोकरी मिळेल का, असं विचारताय. मी तीच करते. चार वर्षं मस्कतला होते, आता पुन्हा बडोद्यातच आहे.

आमचं घर दांडिया बाजारातलं. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, इंग्रजी फक्त वहीत. आर्ट्स फॅकल्टीत बी.ए. केलं, मग बी.एड., आणि सूरसागरासमोर परफॉर्मिंग आर्ट्सच्या नाट्यविभागात धडे गिरवले. (१८८६ साली सयाजीरावांच्या काळात निघालेल्या गायनशाळेचंच हे आजचं रूप.) विषयातली पदवी आणि बी.एड. बहुतेक शाळा मागतातच, ते करून टाका.

लोक उच्चारांना घाबरतात. माझ्या मते अडतं ते आघातावर. मराठीत अक्षरं साधारण सारख्या वजनानं पडतात. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’ हे नाम असेल तर जोर सुरुवातीला, क्रियापद असेल तर शेवटी. हे मला व्याकरणाच्या पुस्तकानं नाही, तालमीनं शिकवलं. शेक्सपिअर शिकवताना मी मुलांना उतारा मोठ्यानं म्हणत वर्गभर चालायला लावते. विरामचिन्ह आलं की दिशा बदलायची. हॅम्लेटचं स्वगत असं चालून पाहिलं की त्याचा गोंधळ पायांतून कळतो. शेक्सपिअरची दहा अक्षरांची ओळ मला कधी परकी वाटली नाही. लहानपणी रोज संध्याकाळी रामरक्षा म्हटलेल्याला आठ अक्षरांचा चरण कानात असतोच, त्यात दोन वाढले, एवढंच.

ड्रामाचं म्हणाल तर केंब्रिजच्या आयजीसीएसईत, म्हणजे दहावीच्या पातळीच्या परीक्षेत, ४० टक्के लेखी आणि ६० टक्के सादरीकरण: एक एकट्याचं, दोन गटाची, त्यातलं एक मुलांनी स्वतः रचलेलं. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या बारावीच्या पातळीच्या अभ्यासक्रमातल्या थिएटर विषयात आणखी गंमत. विद्यार्थ्यानं स्वतः कधी न केलेली एखादी नाट्यपरंपरा निवडून, अभ्यासून, अंगानं करून दाखवायची. मस्कतला एका जपानी मुलीनं भवाई हे गुजरातचं लोकनाट्य निवडलं. बाई गुजरातच्या, म्हणजे सगळं सांगतील, ही तिची खात्री! आणि आम्ही बडोद्याचे मराठी? भवाई म्हणजे ‘त्यांचं’, आपली ती संगीत नाटकं, असं म्हणत वाढलेलो. रात्री जागून वेश (भवाईतला एकेक छोटा खेळ) म्हणजे काय, भुंगळ हा लांब कर्णा कसा फुंकतात, हे मीच आधी शिकले. आजवर सर्वांत मन लावून घेतलेला तो पाठ.

तुम्हाला डेमो लेसनला बोलावतील. वर्ग मोकळा हवा, हे आधीच मेलवर कळवा. मी पहिल्यांदा कळवलं नव्हतं. चालायला लावायचं ठरवून गेले, तर बाक जमिनीला ठोकलेले.