एकाच गाडीच्या स्पोर्ट आणि लक्झरी व्हर्जनमध्ये नेमका फरक काय?

बहुतेक वेळा इंजिन तेच असतं. फरक सस्पेन्शन, चाकं, सीट आणि सजावटीत असतो. दोन्हींचे स्पेसिफिकेशन तक्ते शेजारी ठेवा, पॉवर-टॉर्कचे आकडे बऱ्याचदा सारखेच दिसतील. स्पोर्टचं सस्पेन्शन कडक, सीट अंगाला घट्ट धरणारी. लक्झरीत क्रोम, लाकडी पट्ट्या, मऊ बैठक. रोज जाणवतात ते मात्र टायर, कारण स्पोर्टला बऱ्याचदा मोठी चाकं आणि पातळ टायर असतात: २२५/५० आर १७ (रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची तिच्या ५० टक्के, रिम १७ इंची) टायरची बाजू सुमारे ११२ मिमी उंच असते, २२५/४० आर १९ ची फक्त ९०. म्हणजे खड्ड्याचा दणका थेट पाठीत, शिवाय रिम वाकायची भीती. फक्त नावाने फसू नका: बीएमडब्ल्यूची 'एम स्पोर्ट' म्हणजे साध्या गाडीचीच स्पोर्ट व्हर्जन, 'एम ३' मात्र वेगळी, जास्त ताकदवान गाडी; 'एम ३'चं इंजिन आणि ब्रेकसुद्धा निराळे असतात.