म्युझिक लेबल नाही, ओळख नाही, स्वतःच लिहितो आणि गातो, तर श्रोते आणायचे कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे की तू २२ वर्षांचा, जळगावचा, मराठीत स्वतः गाणी लिहितोस, चाली लावतोस, गिटारवर गातोस, तीन गाणी यूट्यूबवर टाकलीस, त्यातल्या सगळ्यात जास्त चाललेल्याला २१४ व्ह्यूज आहेत आणि त्यातले अर्धे घरचेच. आता महिन्याला पाच हजार बाजूला काढू शकतोस तर ते बूस्टला (म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायला) लावू की चांगल्या व्हिडिओला, असं विचारलंयस. (तू म्हणतेय, वयाने बरीच मोठी आहे मी, चालवून घे.)

सध्या कशालाच लावू नकोस. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, हे दोन्ही मी करून बसलेय म्हणून सांगतेय.

मी मूळची कराडची, पुण्यात राहते, दिवसा एका कंपनीत पेरोल बघते आणि बाकी वेळात गाणी. पहिलं गाणं आलं तेव्हा मी ३५ हजार व्हिडिओवर घातले, ड्रोन वगैरे, सह्याद्रीच्या कड्यावर ओढणी उडतेय आणि मी लांब कुठेतरी बघतेय, तसलं सगळं. गाणं खरं तर एका खोलीतल्या भांडणाबद्दल होतं! तीन हजारच्या आसपास व्ह्यूज आले आणि मग कुणीतरी इन्स्टावर मेसेज केला की सहा हजारात प्लेलिस्टमध्ये टाकतो, पन्नास हजार स्ट्रीम गॅरंटीड. मी दिले. स्ट्रीम आले पण, सगळे अशा देशातून जिथे मराठी बोलणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि दोन महिन्यांनी डिस्ट्रिब्युटरचा (म्हणजे आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर चढवणाऱ्या कंपनीचा) मेल की स्ट्रीम बनावट आहेत, गाणं काढून टाकतोय. काढलंच. आता तर २०२४ पासून स्पॉटिफाय अशा बनावट स्ट्रीमचा दंड थेट डिस्ट्रिब्युटरलाच लावतं, मग तो तुझ्या खात्यातून वसूल करू शकतो. त्यामुळे गॅरंटी हा शब्द दिसला की ब्लॉक कर, पुढचं वाचूच नकोस.

मग वर्षभर मी काहीच केलं नाही, नुसती रुसून बसले होते म्हण. कोजागरीला कोथरूडला मावशीच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध होतं, मावशी म्हणाली ये आणि तुझी ती गाणी म्हण. सत्तावीस माणसं होती, त्यात सात-आठ लहान मुलं, माइक नाही, खाली कुणाचं तरी कुत्रं भुंकतंय. पाच गाणी म्हटली. संपल्यावर एक काकू आल्या आणि म्हणाल्या की ती रुमालाची ओळ मला लिहून दे. माझ्याकडे गाण्यांची वही होती, त्यातलं मागचं पान फाडून दिलं, आणि मग त्यांनी उलट त्याच वहीत त्यांचं नाव आणि नंबर लिहिला, म्हणाल्या परत कुठे गाशील तेव्हा कळव. त्यांचं बघून बाकीच्यांनी पण लिहिलं. एकोणीस नावं झाली.

ती वही म्हणजे माझा फॅनबेस, अजून पण. आता तिसरी वही चालू आहे. तीन रकाने आहेत, नाव, व्हॉट्सॲप नंबर आणि गाव. हा गावाचा रकाना मी दुसऱ्या-तिसऱ्या कार्यक्रमापासून घातला आणि तो सगळ्यात कामाचा निघाला, कारण पुण्यात राहणारा माणूस पुण्याचा असतोच असं नाही ना, कुणी विट्याचं, कुणी परभणीचं, कुणी पेणचं. विट्याच्या एकांनी त्यांच्या गावच्या वाचनालयात बैठक लावून दिली, तिथे चाळीस माणसं आली, तिथून सांगली, असं ते पसरत गेलं. नंबर घेतलास की तिथल्या तिथे त्यांना तुझा नंबर सेव्ह करायला लाव, हे विसरू नकोस, कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचते, आणि एका लिस्टमध्ये २५६ च माणसं बसतात. मी गावांप्रमाणे लिस्ट केल्यात. महिन्यातून एकदाच मेसेज टाकते आणि त्यात सुप्रभात नाही, सुविचार नाही, आपलं कुठे गातेय किंवा नवीन काय लिहिलंय एवढंच. ग्रुप करू नकोस हां, ग्रुपमध्ये तिसऱ्या दिवशी राजकारण सुरू होतं.

आता इंटरनेटचं. माझं एक गाणं चाललं, ते कसं चाललं ते सांगते कारण त्यात माझी एक मोठी चूक पण आहे. गाणं रुमालाचंच. मी कॉलेजला कराडहून पुण्याला यायचे तेव्हा बाबा स्टँडवर गर्दीत घुसून एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरायचे, गाडी फलाटाला लागायच्या आधी पळत जाऊन, साठीचा माणूस. त्यावर गाणं आहे. एका रविवारी मी फोन खिडकीत ठेवून चाळीस सेकंदांचं रील केलं, आधी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि मग थेट मुखडा. खाली शब्द मोठ्या अक्षरांत, कारण बरीच लोकं आवाज बंद ठेवूनच बघतात, ऑफिसात किंवा बसमध्ये. आवाज मात्र वेगळा रेकॉर्ड करून जोडला होता, फोनच्या माइकवर गिटार म्हणजे पत्र्याचा डबा. नमस्कार मित्रांनो मी अमुक तमुक असं काही नाही, त्याने लोकं पळतात.

ते दोन लाखांवर गेलं. त्याआधी माझ्या रीलला नऊशेच्या वर कधी नव्हते. आणि गेलं ते संगीतप्रेमींमुळे नाही, एसटीच्या लोकांमुळे गेलं. कंडक्टर-ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर फिरलं, खाली लोकं आपापलं लिहायला लागली की आम्ही चप्पल टाकायचो, पेपर टाकायचो, एकाने लिहिलं की मला स्वतःलाच खिडकीतून आत टाकलं होतं जागा धरायला, तीन वर्षांचा होतो. मला तेव्हा कळलं की मराठी गाणी ऐकणारे लोक असा काही गठ्ठा नसतोच, गाणं ज्या गोष्टीबद्दल आहे ती गोष्ट जगलेले लोक असतात आणि ते आधीच कुठेतरी एकत्र बसलेले असतात, आपण तिथे जायचं. तुझं गाणं केळीच्या बागेवर असेल तर ते शेतकऱ्यांच्या ग्रुपवर जाऊ दे ना, इंडी म्युझिकच्या पेजला टॅग करून काय मिळणार आहे.

आता चूक. गाणं तेव्हा कुठेच रिलीज नव्हतं. लोकं विचारतायत पूर्ण गाणं कुठे आहे आणि माझ्याकडे पूर्ण गाण्याचं फक्त फोनमधलं डेमो. घाईघाईने मिक्स-मास्टर करून डिस्ट्रिब्युटरकडे टाकून सगळीकडे यायला अडीच आठवडे गेले, तोवर रील थंड. त्या वेळात मी एकच बरी गोष्ट केली, पहिल्या कमेंटला माझा गाण्यांसाठीचा वेगळा नंबर पिन केला (घरचा नंबर देऊ नकोस, वेगळं सिम घे) की इथे गाव लिहून पाठवा, गाणं आलं की पाठवते. तीनशेच्या वर मेसेज आले. ते टिकले. दोन लाखातले बाकीचे कुठे गेले देवाला माहीत.

आणि हे पण ऐक, त्यानंतर दोन महिन्यांनी पुण्यात तिकीट लावून कार्यक्रम केला, दोनशे रुपये, साठ लोकं आली, त्यातली अडतीस जुन्या वहीतली होती. दोन लाख व्ह्यूजवाल्यांतून आली ती उरलेली बावीस. मला ते कमी वाटत नाही, बावीस अनोळखी माणसं पैसे देऊन येणं मोठी गोष्ट आहे, पण तुला आकडा कळावा म्हणून सांगितलं.

त्यामुळे क्रम असा धर की आधी गाणं डिस्ट्रिब्युटरकडून (डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, असे बरेच आहेत, वर्षाची फी थांबवली तर गाण्यांचं काय होतं ते आधी वाच, काही ठिकाणी खाली उतरवतात) सगळीकडे चढवून ठेव, इन्स्टाच्या म्युझिक लायब्ररीतसुद्धा, म्हणजे दुसऱ्यांना त्यावर रील करता येतं, आणि मग आरडाओरडा कर. रिलीजची तारीख किमान तीन-चार आठवडे पुढची टाक. स्पॉटिफायवर आर्टिस्टचं खातं स्वतःच्या ताब्यात घे आणि तिथून गाणं त्यांच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांकडे पिच कर (म्हणजे सुचव), ते रिलीजच्या निदान सात दिवस आधी केलं तर तुला फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी यादी) तरी नक्की येतं, बाकी प्लेलिस्ट मिळाली तर मिळाली. भाषा मराठी निवड, मी पहिल्या वेळेला हिंदी ठेवली होती गाढवासारखी. आणि नाव. आपल्याकडे लोकं रोमनमध्ये शोधतात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, पाऊस हा शब्दच बघ, कुणी डब्ल्यू घालतं, कुणी एकच ए, कुणी दोन ओ. यूट्यूबच्या वर्णनात देवनागरी नाव टाकच, शिवाय रोमनची दोन-तीन स्पेलिंगं टाक, आणि पूर्ण शब्द लिही गाण्याचे. लोकं गाण्याचं नाव विसरतात, मधली एखादी ओळ टाइप करून शोधतात.

पैशाचं लगेच काही धरू नकोस. स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत, हा नियम २०२४ पासून आहे. यूट्यूबच्या जाहिरातींसाठी हजार सबस्क्रायबर लागतात, शिवाय वर्षात ४,००० तास बघणं नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. माझे वर्षभराचे स्ट्रीमिंगचे पैसे विट्याच्या त्या एका बैठकीत दाराशी ठेवलेल्या पेटीत जमलेल्या पैशांपेक्षा कमी होते. पण आयपीआरएसचं सदस्यत्व घे, ही संस्था १९६९ पासून आहे, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते आणि तू दोन्ही आहेस. उद्या कुणी तुझं गाणं मालिकेला नाहीतर सिनेमाला मागितलं आणि सगळे हक्क आम्हाला लिहून द्या म्हटलं तर लक्षात ठेव की कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येतच नाही, सही केलीस तरी तो तुझाच राहतो.

मानधनाबद्दल एक. पहिली दोन वर्षं तुला शाल-श्रीफळ मिळेल. माझ्याकडे अकरा शाली आहेत, विचारू नकोस. गच्चीवर, वाचनालयात, मित्राच्या घरी फुकट गा, पण जिथे मांडव, एलईडी, केटरर सगळ्यांना पैसे आहेत आणि फक्त गाणाऱ्याला एक्सपोजर आहे तिथे जाऊ नकोस. किंवा गेलास तर वही फिरवायची परवानगी आधी मागून घे, मग चालेल.

लोकं तुला स्वतःच लिहून गाणाऱ्या प्रतीक कुहाडचं उदाहरण देतील, ओबामांनी २०१९ च्या आवडत्या गाण्यांत त्याचं गाणं टाकलं आणि एकदम झालं वगैरे. एकदम काही झालं नव्हतं, त्याचा अल्बम २०१५ ला आला होता आणि त्याच्याही आधीपासून तो छोट्या-छोट्या ठिकाणी गातच होता. आपल्याकडचं बघायचं तर सलील कुलकर्णी आणि संदीप खरे, २००३ पासून त्यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम, तेव्हा कुठलं रील नि कुठलं काय, गावोगावचे प्रयोग आणि ऐकून गेलेला माणूस पुढच्या वेळी चार जणांना घेऊन येणार. मला तरी ते जास्त समजतं.

तुझे पाच हजार? पहिल्या महिन्यात एक बरा माइक घे, सेकंडहँड चालेल. पुढच्या महिन्यापासून एसटीचं भाडं आणि बैठकीचा चहा. एखादं रील आपणहून उचललं गेलंय असं दिसलं तर त्यावर पाचशे-हजार लाव, पडलेल्या रीलला ढकलू नकोस. कव्हर गाणी (दुसऱ्यांची गाणी आपल्या आवाजात) करायची तर कर, पण त्यावर कॉपीराइटचे क्लेम येतात आणि लोकं त्या जुन्या गाण्यावर प्रेम करून निघून जातात, तुझं नाव पण बघत नाहीत. मी महिन्याला एक करते, फक्त आईला आवडतं म्हणून.

आणि एवढा मोठा प्रश्न लिहिलास पण तुझ्या तिन्ही गाण्यांपैकी एकाचंही नाव त्यात नाहीये, कशाबद्दल आहेत ते पण नाही. आधी ते लिही. माझ्या वहीत जळगावची चार नावं आहेत, त्यातल्या एका मॅडमचं घर मोठं आहे, विचारून बघते त्यांना.