गुलमर्गसाठी स्कीच्या दोन जोड्या घ्याव्यात का?

सप्रेम नमस्कार,

आपण दर फेब्रुवारीत पुण्याहून आठ दिवस गुलमर्गला स्कीइंगसाठी जाता. येत्या ऑक्टोबरमध्ये कार्यालयाच्या कामानिमित्त म्युनिकला जाणार असल्याने तिथून ८८ आणि ११६ मिलिमीटर रुंदीच्या स्कीच्या दोन जोड्या, बाइंडिंगसह (बूट स्कीवर पकडून ठेवणाऱ्या खटक्यांसह) सुमारे १,७०,००० रुपयांना, आणण्याचा आपला विचार आहे. १०२ मिलिमीटरची एकच जोडी घेतल्यास ९०,००० रुपये लागतील, आणि दोन्ही बाबतींत पैसे लिक्विड फंडातल्या ४,००,००० रुपयांतून काढायचे आहेत. माझे मत आधीच सांगतो: या वर्षी एकही जोडी घेऊ नका, बूट मात्र जरूर घ्या.

दोन जोड्यांमागचा आपला विचार चुकीचा नाही. बुटाखाली, म्हणजे स्की जिथे सर्वांत अरुंद असते तिथे, ११६ मिलिमीटर रुंद असलेली स्की गुडघाभर ताज्या बर्फावर तरंगते. पण तोच बर्फ दोन दिवसांत तुडवला जाऊन घट्ट झाला की तिला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आणायला वेळ लागतो आणि गुडघ्यांवर ताण येतो. ८८ ची स्की घट्ट बर्फावर चपळ असते, पण भुसभुशीत बर्फात बुडते. गुलमर्गला हे दोन्ही बर्फ एकाच आठवड्यात भेटतात, कारण पश्चिमी झंझावात येऊन गेला की गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर ताजा थर साचतो आणि पुढचा येईपर्यंत तो घट्ट होत जातो. शिवाय गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावरून, सुमारे ३,९५० मीटरवरून, खाली येणारे उतार यंत्राने सारखे केलेले नसतात. म्हणून एकच जोडी ठेवायची झाली तर ती १०० ते १०५ मिलिमीटरची, टोकाशी वर उचललेली आणि बुटाखाली किंचित कमानदार असावी. दुकानात दोन्ही स्की तळाला तळ लावून मध्यावर दाबून धरा आणि टोकाकडे त्या कुठून विलग होतात ते पाहा: ही जागा टोकापासून जितकी आत, तितकी स्की ताज्या बर्फात सहज वर राहते, आणि घट्ट बर्फात रुतणारी तिची कड तितकीच आखूड होते.

आता हिशेब. ९०,००० रुपयांची जोडी पाच वर्षांनी २५,००० रुपयांना विकली जाईल असे धरले, तर वर्षाला १३,००० रुपये झीज होते. त्यात मेण आणि कडांची धार यांचे ३,००० आणि विमानातल्या जादा वजनाचे ४,००० मिळवले की वर्षाचा खर्च २०,००० रुपयांवर जातो. आपण कळवलेले चांगल्या स्कीचे भाडे दिवसाला २,००० रुपये आहे, म्हणजे आठ दिवसांचे १६,०००. दहा दिवसांवर दोन्ही पर्याय सारखे होतात. दोन जोड्यांचा असाच हिशेब मांडल्यावर वर्षाचा खर्च ३६,००० रुपये येतो, आणि तो वसूल व्हायला अठरा दिवस बर्फावर घालवावे लागतील. एवढी रजा आपल्याला मिळत नाही.

शिवाय बर्फाचा भरवसा नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे उघडी पडली होती, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरेशा बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा मार्चपर्यंत पुढे ढकलावा लागला. अशा वर्षी भाडे द्यावे लागत नाही, स्वतःच्या स्कीची किंमत मात्र उतरतच राहते.

बुटांचा हिशेब नुसत्या भाड्याशी तुलना करून जमत नाही, तरीही मी ते घ्यायला सांगतो. स्कीला वळवण्याची प्रत्येक सूचना बुटातूनच जाते, आणि अनेकांच्या पायांनी सैल झालेल्या भाड्याच्या बुटात टाच हलली की कोणत्याही रुंदीची स्की नीट ऐकत नाही. आतले अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटे पुढे टेकवा. टाचेमागे साधारण दोन बोटे मावतील एवढीच जागा हवी. यासाठी दुकानात तासभर बसावेच लागते, म्हणून म्युनिकच्या फेरीचा खरा उपयोग इथे आहे. आपण सांगितलेली बुटांची ४५,००० रुपये किंमत शुल्कमुक्त सामानाच्या मर्यादेत बसते. दोन जोड्या तिच्या फार पलीकडे जातात, त्या विमानतळावर जाहीर करून सीमाशुल्क भरावे लागेल, आणि ते आपल्या अंदाजात धरलेलेच नाही.

लिक्विड फंडाला मात्र हात लावू नका. आपला महिन्याचा खर्च ८५,००० रुपये आहे आणि आई-वडील आपल्यावर अवलंबून आहेत. १,७०,००० काढले तर तीन महिन्यांचीही तरतूद उरत नाही. एसआयपी वजा जाता महिन्याला १४,००० रुपये शिल्लक राहतात असे आपण लिहिता, त्यांतले ९,००० मेपासून सप्टेंबरपर्यंत वेगळे ठेवले की बुटांची रक्कम उभी राहते. त्यानंतरच्या चार महिन्यांच्या शिलकीतून हिमस्खलनात उपयोगी पडणारा ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा रेडिओ संकेतांवरून माग काढणारे यंत्र), फावडे आणि शोधकाठी घ्या आणि ती वापरण्याचे प्रशिक्षणही घ्या. याविषयी मला खरोखर काळजी वाटते, कारण ही साधने नसताना दुसऱ्या टप्प्यावरून आखलेल्या मार्गाबाहेर जाऊ नये. विमा पॉलिसीतून साहसी खेळ वगळले आहेत का, हेही लेखी विचारून घ्या.

येत्या फेब्रुवारीत ताज्या बर्फाच्या दिवशी रुंद आणि इतर दिवशी मधल्या रुंदीची स्की भाड्याने घ्या, आणि कोणत्या दिवशी कोणती रुंदी वापरली हे रोज संध्याकाळी टिपून ठेवा. ती नोंद आणि पुढच्या वर्षीच्या रजेचे दिवस मार्चमध्ये मला कळवा. रजा बारा दिवसांवर गेली, तर हंगामअखेरच्या सवलतीत १०२ ची जोडी घेण्याचा हिशेब आपण नव्याने मांडू.

आपला,
आर्थिक सल्लागार