मुघलांनी एवढा मोठा मुलूख फक्त फौजेच्या बळावर सांभाळला का?

नाही, मुलूख जिंकला फौजेने, पण तो हातात राहिला मनसबदारी (अधिकाऱ्यांना दर्जा, पगार आणि फौजेची जबाबदारी ठरवून देण्याची पद्धत), जमीन महसुलाची मोजणी आणि स्थानिक राजे-जमीनदारांना सामावून घेण्यामुळे. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याच्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात या कारभाराचा बराच तपशील मिळतो. प्रत्येक मनसबदाराला दोन आकडे मिळत: ‘जात’वर त्याचा दर्जा आणि पगार, ‘सवार’वर किती घोडेस्वार ठेवायचे ते ठरे. स्वार फक्त कागदावर राहू नयेत म्हणून घोड्याला डाग देत आणि शिपायाचा चेहरामोहरा, अंगावरच्या खुणा नोंदवून ठेवत. मला यातली खरी हुशारी बदलीत दिसते. पगारापोटी मिळणारी जहागीर (ठरलेल्या मुलखाचा महसूल घेण्याचा हक्क) साधारण तीन-चार वर्षांनी बदले, म्हणजे सरदाराला एका जागी मूळ धरता येत नसे. राजपूत राजांना मात्र वतन जहागीर म्हणून त्यांचे पिढीजात राज्य ठेवू दिले. अंबरच्या भारमलाने 1562 मध्ये अकबराशी सोयरीक केली, ती याच धोरणातली. अकबराचा महसूलमंत्री तोडरमल याच्या 1580 च्या दहसाला पद्धतीत दहा वर्षांच्या पिकाची आणि भावांची सरासरी काढून साधारण एक तृतीयांश सारा रोख ठरवला.

एक लक्षात घ्या, ही मोजणी साम्राज्यभर एकसारखी नव्हती. बंगालसारख्या सुभ्यात जमीनदारांमार्फतच वसुली चाले. आणि औरंगजेबाने 1686 ला विजापूर, 1687 ला गोवळकोंडा घेतल्यावर दख्खनी आणि मराठा सरदारांना मनसबी वाटल्या गेल्या, पण द्यायला चांगल्या उत्पन्नाच्या जहागिरी पुरेनात.