शब्द पाठ होत नाहीत, म्हणजे स्मरणशक्ती कमी आहे का?

"रोज पाठ करून घेते, घरी धडाधडा म्हणून दाखवते, आणि परीक्षेत जागा कोरी सोडून येते." शाळकरी मुलांच्या पालकांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. मग आवाज खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो: हिची स्मरणशक्तीच कमी असेल का?

सातवीतल्या एका मुलीची आई हाच प्रश्न घेऊन आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबत मराठीची वही आणि चाचणीचा पेपर. वहीत विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या, प्रत्येक जोडी पुन्हा पुन्हा लिहून काढलेली. "मॅडम, मी स्वतः हिच्याजवळ बसते हो. पण हिच्या डोक्यात काही राहतच नाही." मुलगी शेजारीच बसून पेनाचं टोपण काढत-घालत होती. ताईंना मी आधी एवढंच म्हटलं, की हे वाक्य तिच्यासमोर पुन्हा नको. मूल असं वाक्य याद्यांपेक्षा फार लवकर पाठ करतं.

स्मरणशक्तीची शंका अशी वाऱ्यावर सोडता येत नाही, म्हणून आधी ती तपासली. तिने कधी न वाचलेली एक गोष्ट तिला मोठ्याने वाचायला दिली, मग पुस्तक मिटून सांगायला लावली. तिने ती क्रमाने, बारीकसारीक तपशिलांसह सांगितली. वाचताना ओळ सुटली नाही, अक्षरांची अदलाबदल झाली नाही. वर्गशिक्षिकांशी बोलले, इतर विषयांत अडचण नव्हती. एखादं मूल वाचताना सतत अडखळत असेल, अक्षरं गाळत असेल, ऐकलेली सूचना त्याला पुन्हा पुन्हा सांगावी लागत असेल, तर आधी ऐकण्याची, दृष्टीची आणि अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी व्हायलाच हवी. पुढे मी जे सांगणार आहे ते तिथे पुरेसं नाही. इथे तसं काही दिसत नव्हतं.

मग पेपर उघडला. 'उचित' या शब्दासमोर तिने आधी 'अउचित' लिहिलं होतं. त्यावर आडवी रेघ, आणि पुढे जागा कोरी.

"हे का खोडलंस?"

"बरोबर वाटत नव्हतं. असा शब्द कोणी बोलतच नाही."

पेपर मी ताईंसमोर सरकवला. शिक्षिका म्हणून नव्हे, समुपदेशक म्हणून मला त्या खोडलेल्या शब्दाचं फार मोल वाटलं. तिला उत्तर आठवलं नव्हतं, पण हातावर हात ठेवून ती बसली नव्हती. 'अ' लावला की अर्थ उलटतो हे तिला ठाऊक होतं, त्यावरून तिने शब्द घडवला, कानाला लावून पाहिला आणि खोटा वाटला म्हणून टाकून दिला. हे कमकुवत स्मरणशक्तीचं लक्षण नाही. तिच्याजवळ नियमाचा एक भाग होता, दुसरा कोणी दिलाच नव्हता. यादीत 'शक्य-अशक्य', 'उचित-अनुचित', 'उदय-अस्त' अशा जोड्या एकाखाली एक असतात, आणि मूल त्या सगळ्या सारख्याच पाठ करतं. खरं तर पाठ करण्याची गरज त्यातल्या फक्त शेवटच्या जोडीला आहे.

म्हणून याद्या बाजूला ठेवल्या आणि एकच उपसर्ग घेतला: 'अ'. काटेकोरपणे पाहिलं तर संस्कृत व्याकरणाच्या बावीस उपसर्गांत तो नाही, तिथे त्याला 'नञ्' म्हणतात. पण शाळेत आपण तो उपसर्ग म्हणूनच शिकतो, आणि मराठीत त्याच्याइतका कामाचा दुसरा शोधावा लागेल. थोडेच उपसर्ग पुष्कळ शब्दांना पुरतात, हे इतर भाषांतही दिसतं. अमेरिकेतल्या शालेय पुस्तकांतल्या इंग्रजी शब्दांबद्दल व्हाइट, सॉवेल आणि यानागिहारा या अभ्यासकांनी १९८९ साली लिहिलं, की उपसर्ग असलेल्या शब्दांपैकी सुमारे ५८ टक्के शब्द केवळ चार उपसर्गांत बसतात, आणि एकट्या 'अन्-'चा (un-) वाटा सुमारे २६ टक्के आहे. ते इंग्रजी 'अन्-' आणि आपलं 'अ' किंवा 'अन्' मुळात एकाच प्राचीन भाषेतून आलेली भावंडं आहेत. मुलीला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा टोपण खाली ठेवलं गेलं.

या 'अ'वर मी तिच्यासाठी कोडी रचली. पहिलं कोडं कात्रीचं. कागदाच्या पट्ट्यांवर शब्द: अशक्य, अचूक, अपुरा, अमर, अभ्यास, अजगर, अकरा, अपाय, अजून. पहिलं अक्षर कापायचं आणि उरलेला शब्द आपल्या पायावर उभा राहतो का ते पाहायचं. 'चूक' उभा राहिला, 'पुरा' राहिला. 'भ्यास' आणि 'जगर' पडले. 'अकरा' कापल्यावर 'करा' उरलं आणि ती थबकली.

"मॅडम, 'करा' तर शब्द आहे."

"मग अकरा म्हणजे 'करू नका'?"

ती खळखळून हसली. 'अपाय'मधून पाय निघाला, 'अजून'मधून जून. तिने आपणहून दुसरी अट घातली: नुसता शब्द उरून भागत नाही, उरलेल्या शब्दाचा अर्थ मोठ्या शब्दात उलटा होऊन सापडला पाहिजे. ही अट मी आधीच सांगून टाकू शकले असते, पण तिने स्वतः घातलेली अट ती विसरणार नव्हती. माझं ठाम मत आहे, की फसवे शब्द नसलेलं कोडं म्हणजे रंग लावलेली घोकंपट्टी. 'रिकाम्या जागी अ लिहा' यात मुलाला ठरवायचं काहीच नसतं, आणि जिथे ठरवायचं नसतं तिथे लक्षातही राहत नाही.

दुसरं कोडं तिच्याच खोडलेल्या शब्दातून निघालं. अशक्य, अपूर्ण, अशांत, अनिच्छा, अनादर, अनेक, अनंत, अनोळखी, अनुचित. या सगळ्यांत 'नाही' दडलेला आहे, तर काहींत हा 'न' कुठून आला? पट्ट्यांचे दोन गट करून मोठ्याने म्हणायला सांगितलं. इच्छा, आदर, एक, अंत, ओळख, उचित... बराच वेळ ती पुटपुटत होती. मग म्हणाली, "हे सगळे स्वरांनी सुरू होतात." बरोबर. स्वरापुढे स्वर आला की उच्चार अडखळतो, म्हणून मध्ये 'न्' येतो. 'अउचित' तिच्या कानाला खटकला होता तो याच कारणाने. 'अनोळखी' बघा, 'ओळख' हा आपला रोजचा मराठी शब्द, तरी त्यालाही हाच नियम लागू पडला.

इथे एक गोष्ट घडली, ती मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहावी अशी आहे. 'अशक्य' कात्रीने सरळ कापता येतो. 'अनुचित' तिने हातात घेतला, कात्री 'अ'नंतर नेली, मग 'नु'नंतर नेली, आणि थांबली. सांधा 'नु'च्या पोटात आहे. 'न्' उपसर्गाचा, 'उ' पुढच्या शब्दाचा, आणि दोघे मिळून एकाच अक्षरात बसलेले. शब्दकोड्याच्या चौकटीतही 'नु'ला एकच घर मिळतं. आपल्या लिपीत हा सांधा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हे शब्द मुलांना अखंड वाटतात आणि पाठच करावे लागतात. शेवटी तिने पट्टीच्या मागे 'अन् + उचित' असं लिहिलं. मी कात्री काढून घेतली, यापुढे सगळं फोडून लिहायचं.

मग 'अनु'चा सापळा. अनुभव, अनुवाद, अनुक्रम, अनुकूल एकीकडे. अनुदार, अनुपस्थित, अनुत्तीर्ण, अनुपम दुसरीकडे. दिसायला सगळे सारखे. पण अनुक्रम म्हणजे क्रम नसणं नव्हे, तिथे 'अनु' हा वेगळा उपसर्ग आहे, मागोमाग जाणारा. 'अनाथ'वर आमची छान हुज्जत झाली. तिने सवयीने 'अन् + आथ' फोडलं, 'आथ' उभा राहीना, मग 'अ + नाथ' सापडलं. 'अनियमित'ही तसाच. शेवटी मी 'अननुभवी' लिहिला. तिने तो न बोलता फोडला: अन् + अनुभवी, त्याखाली अनु + भव. दोन्ही सापळे एकाच शब्दात, आणि हा शब्द तिच्या कुठल्याच यादीत नव्हता.

ताई हे सगळं पाहत होत्या. त्यांची शंका रास्त होती. "पण मॅडम, परीक्षेत कोडी कुठे विचारतात? एवढ्या वेळात वीस शब्द पाठ झाले असते." झाले असते, आणि पुढच्या आठवड्यात निम्मे गेले असते. मी त्यांना 'अनपेक्षित', 'अनाकलनीय', 'अनावश्यक', 'अनधिकृत' हे शब्द लिहून दिले आणि मुलीला विचारायला सांगितले. 'आकलनीय' म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण शब्द कुठे फुटतो ते तिने अचूक सांगितलं आणि विचारलं, "आई, आकलनीय म्हणजे?" परीक्षेत नेमकं हेच उपयोगी पडतं. सगळा शब्द अंधारात राहत नाही, न कळलेला भाग तेवढा वेगळा काढता येतो.

घरी काय करायचं तेही ठरवलं. 'पाठ म्हणून दाखव' बंद. त्याऐवजी ताईंनी वर्तमानपत्रातून 'अ'ने सुरू होणारे शब्द काढायचे, काही खरे, काही फसवे, आणि मुलीने निवाडा करायचा. उत्तर चुकलं तरी लगेच बरोबर उत्तर सांगायचं नाही, 'का?' एवढंच विचारायचं. आठवड्यातून एकदा भूमिका उलटायच्या, कोडं मुलीने रचायचं आणि आईने सोडवायचं. फसवे शब्द शोधताना मूल सोडवण्यापेक्षा जास्त शिकतं, कारण त्याला दुसऱ्याची चूक आधीच ओळखावी लागते.

यातून एक प्रश्न घरूनच आला. 'अवेळी' म्हणजे वेळ नसणं का? आणि 'अमूल्य' म्हणजे बिनकिमतीचं का? मायलेकींचा यावरून वाद झाला होता. जुन्या वैयाकरणांनी या 'नञ्'चे सहा अर्थ सांगितले आहेत, अभाव हा त्यातला एक. विरोध, वेगळेपणा, कमीपणा, अप्रशस्तपणा, साम्य हे इतर. 'अवेळी'त वेळ आहे, पण नको ती. 'अमूल्य' वस्तूचं मोल इतकं, की ते करता येत नाही. सातवीच्या मुलीला सहा नावं सांगायची गरज नव्हती. वाक्यात घालून पाहा, एवढं सांगितलं.

बदल किती झाला? 'उदय-अस्त', 'सुरुवात-शेवट' या जोड्या तिला अजूनही पाठच कराव्या लागतात, आणि काही वेळा चुकतात. पण यादी बरीच आखूड झाली. पेपरात कोऱ्या जागा कमी झाल्या, आणि जिथे उत्तर चुकतं तिथेही काहीतरी विचार करून लिहिलेलं असतं. शिक्षिकांनाही मी विनंती केली, की असं उत्तर दिसलं तर नुसती फुली न मारता 'कुठून सुचलं?' हे विचारा.

ताईंनी शेवटच्या भेटीत विचारलं, आता पुढे कुठला उपसर्ग घ्यायचा? बरेच पालक इथे 'वि' किंवा 'प्र'कडे वळतात. मी थांबायला सांगते. 'विसंगत'मधला 'वि' उलटा अर्थ देतो, 'विख्यात'मधला देत नाही, आणि आताच कुठे आलेला आत्मविश्वास तिथे डळमळतो. त्याआधी 'बे' आणि 'गैर' घ्यावेत. बेसावध, बेहिशेबी, गैरहजर, गैरसमज, गैरसोय: सांधा स्वच्छ दिसतो, कात्री बिनधास्त चालते. त्यातही 'बेडूक' आणि 'बेरीज' हे फसवे शब्द आहेतच. हे दोन तिनेच काढून दिले.