इंडेंटला ‘समास’ म्हणू नका, त्याला दात आहेत

प्रश्न असा आलाय. विचारणारा मुलगा नागपुरातलाच आहे, कॉलेज संपवून घरी बसून डेस्कटॉपवर चालणारा एक छोटा कोड एडिटर बनवतोय, मेनू सगळा मराठीत ठेवायचाय. विचारतो, "काका, इन्क्रीज इंडेंट आणि डिक्रीज इंडेंटसाठी मी ‘समास वाढवा’ आणि ‘समास कमी करा’ लिहिलंय, बरोबर आहे का? आणि अंडूला ‘पूर्ववत करा’ ठेवू की ‘रद्द करा’?"

नाही रे बाप्पा, समास बरोबर नाही. आणि ही चूक तुझ्या एकट्याची नाही म्हणून जरा जोरातच सांगतो. इंडेंट, म्हणजे ओळ डावीकडून थोडी आत घेणं, असं म्हटलं की लोक सरळ समास लिहून मोकळे होतात, क्लासमध्ये पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारेसुद्धा "इथे समास सोडा नाहीतर पायथॉन एरर देईल" असं सांगतात, आणि पोरं पानाच्या डाव्या कडेकडे पाहत बसतात. मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता कानाला टोचतं.

समास काय असतो ते चौथीतल्या पोरालाही माहीत आहे. वहीच्या पानावर डावीकडे पट्टीने उभी रेघ आखायची, तिच्या अलीकडे फक्त प्रश्नाचा नंबर लिहायचा. समास पानाचा असतो, ओळीचा नसतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारखा. इंडेंटचं नेमकं उलटं आहे, तो एकेका ओळीचा असतो आणि शेजारच्या ओळीच्या मानाने ही ओळ किती आत आहे एवढंच सांगतो. शेजारची ओळ नसेल तर इंडेंटला अर्थच नाही. शिवाय समास या शब्दाच्या डोक्यावर आधीच किती ओझं आहे बघ, व्याकरणातला तत्पुरुष-बहुव्रीही समास आहे, दासबोधात २० दशकं आणि त्यांचे २०० समास आहेत, आणि वर हा वहीतला. संस्कृतात सम् म्हणजे एकत्र आणि अस् म्हणजे टाकणे, म्हणून समास म्हणजे जवळ आणणं, आटपशीर करणं. त्याच्या उलट व्यास, म्हणजे फैलाव. तू ओळीला बाजूला ढकलतोयस आणि नाव देतोयस जवळ आणण्याचं!

पण हा शब्द फेकून देऊ नकोस, तुझ्या एडिटरमध्येच त्याची हक्काची जागा आहे. डाव्या बाजूला ओळींचे नंबर दाखवणारा जो उभा पट्टा असतो ना, ज्याला इंग्रजीत गटर म्हणतात, तो समास. वहीत प्रश्नाचा नंबर जिथे लिहायचो तिथेच इथे ओळीचा नंबर येतो, आणखी काय पायजे. ‘गटर दाखवा’ असं मेनूत लिहिलं तर आपल्याकडे माणूस नाक दाबेल, ‘समास दाखवा’ लिही. ८० अक्षरांवर जी फिकी उभी रेघ असते ती उजवा समास (ते ८० म्हणजे १९२८ साली आयबीएमने काढलेल्या पंच कार्डाचे ८० रकाने, ते कार्ड गेलं, रेघ राहिली).

आता इंडेंट. कट, कॉपी, पेस्टवर मी वेळ घालवत नाही, त्यावर सगळेच बोलतात. मला हा शब्द फार आवडतो कारण त्याच्या पोटात दात आहेत. लॅटिनमध्ये डेन्स, त्याचं रूप डेन्टिस, म्हणजे दात. त्याच्यावरून इंडेंट, म्हणजे दाते पाडणे. कशाला दाते पाडायचे? तर जुन्या काळी युरोपात दोघांमध्ये करार झाला की एकाच चामड्याच्या कागदावर तोच मजकूर दोनदा लिहायचे आणि मधून तो कागद सरळ न कापता वेडावाकडा, करवतीसारखा कापायचे, अर्धा एकाकडे, अर्धा दुसऱ्याकडे. उद्या भांडण झालं, कोणी खोटा कागद आणला, तर दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघायचे. दातात दात बसला तर करार खरा. अशा कराराला नाव पडलं इंडेंचर. आणि हाच तो इंडेंचर ज्याच्यावर अंगठा घेऊन आपली माणसं १८३४ पासून मॉरिशसला आणि १८७९ पासून फिजीला ऊस तोडायला नेली, त्यांच्या तोंडी अॅग्रीमेंटचं गिरमिट झालं आणि ते गिरमिटिया झाले. मॉरिशसमधले मराठी लोक हे त्याच दातेरी कागदाची लेकरं. (सुताराचं भोकं पाडायचं गिरमिट हा वेगळा शब्द आहे, तो गिम्लेटवरून आला, दोन्ही एक करू नका.)

आणि आता ऐक, हा शब्द तुझ्या घरात तुझ्याआधीच येऊन गेला असेल. माझे वडील उमरेडकडे कोळसा खाणीच्या स्टोअर्समध्ये होते, रोज संध्याकाळी जेवताना "आज बेअरिंगचा इंडेंट टाकला", "अमक्याचा इंडेंट परत आला" हेच चालायचं. इंडेंट म्हणजे सामानाचं मागणीपत्र. ब्रिटिशांच्या वेळच्या इकडच्या सरकारी कामकाजात हा अर्थ रुजला, कारण मागणीचाही कागद जोडीने असायचा, एक देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. नागपूरात रेल्वेत, खाणीत, सरकारी दवाखान्यात ज्याचा बाप नोकरीला होता त्याने हा शब्द ऐकलेला आहेच. मला पहिल्यांदा कॉम्प्युटरवर इंडेंट शब्द दिसला तेव्हा मी थांबून विचार केला होता की स्टोअर्सचा कागद इथे कसा आला. तर बापाचा इंडेंट आणि पोराचा इंडेंट एकाच दाताचे आहेत. छपाईवाल्यांनी परिच्छेदाची पहिली ओळ आत घेतली, कागदाच्या कडेला जणू एक दात पडला, म्हणून तोही इंडेंट, आणि तिथून तो तुझ्या टॅबच्या बटणापर्यंत आला.

इथे एक गडबड नेहमी होते ती सांगून टाकतो. पुष्कळ जण म्हणतात की इंडेंट म्हणजे डेंट, गाडीला पडतो तो पोचा, म्हणून मराठीत ‘खाच’ किंवा ‘खोलगट’ म्हणा. चूक. गाडीचा डेंट हा जुन्या इंग्रजीतल्या डिंट म्हणजे ठोसा, फटका याचा भाऊ आहे, त्याचा दाताशी संबंध नाही. दाबून खळगा पाडणे या अर्थाचा इंडेंट तिकडून आलेला आहे, दिसायला सारखा पण घराणं वेगळं. कागदाचा आणि ओळीचा इंडेंट दाताचा. दोन वेगळ्या घरचे शब्द एका नावाने वावरतात म्हणून ‘खाच’ लिहिणाऱ्यांनी निदान एकदा कोश उघडून बघायला पाहिजे होता, तेवढंही केलेलं नसतं आणि ठामपणे लिहितात.

दात शब्दाचं पुढचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लॅटिन डेन्टिस, ग्रीक ओडोन्टोस, संस्कृत दन्त, आपला दात, इंग्रजी टूथसुद्धा, हे सगळे एकाच मुळाचे, हे भाषाशास्त्रात पक्कं आहे. पण ते मूळ काय? आपले उणादिवाले, म्हणजे उणादिसूत्रांवरून शब्दांची व्युत्पत्ती लावणारे, पंडित दन्त हा शब्द दम् धातूपासून काढतात, दमन करतो तो दन्त. मला हे अजिबात पटत नाही. ग्रीकमधला सुरुवातीचा ‘ओ’ दम् ने कसा समजावणार? त्यापेक्षा अद् म्हणजे खाणे, हा धातू धरा, त्याचं ‘खाणारा’ अशा अर्थाचं रूप, सुरुवातीचा स्वर संस्कृतात आणि लॅटिनमध्ये गळाला, ग्रीकमध्ये टिकला. दात म्हणजे खाणारा. आणि अद् पासूनच अन्न. म्हणजे दात आणि अन्न ही सख्खी भावंडं! दमनवाल्यांचा मान ठेवून सांगतो, दाताने माणूस आधी भाकरी तोडतो, दमन-बिमन नंतरची गोष्ट.

तर माझं म्हणणं असं आहे, आणि यावर मी बरीच वर्षं ठाम आहे, की इंडेंटला मराठीत ‘दाता’ म्हणायचं. नवा शब्द नाही हा. करवतीचे दाते, चाकाचे दाते, फणीचे दाते आपण म्हणतोच, त्याचं एकवचन दाता. ‘दाते पाडणे’ हा कारागिराचा शब्दप्रयोग तयार आहे. कोणी म्हणेल दाता म्हणजे देणारा, रक्तदाता, अन्नदाता, घोटाळा होईल. नाही होत. तो दा धातूचा, हा दाताचा, आणि ‘एक दाता आत’ वाचून कोणालाही रक्तपेढी आठवणार नाही. एका अभ्यासू मित्राने मला ‘अंतःसरण’ सुचवला होता. आपल्या नागपूरला या वळणाची मोठी परंपरा आहे, डॉ. रघुवीर लाहोरहून इथे आले आणि त्यांचे इंग्रजी-हिंदी पारिभाषिक कोश इथूनच निघाले, त्या मेहनतीपुढे मी मान झुकवतो, पण उपसर्ग आणि धातू जोडून बनवलेला शब्द मेनूत बसत नाही आणि तोंडातही बसत नाही, दिवसात शंभरदा दाबायच्या बटणाला विसर्ग कशाला पाहिजे.

आणि दाता हा शब्द नुसता मूळ जुळतं म्हणून नाही, काम जुळतं म्हणून घे. ग्विडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली पायथॉन बाहेर काढला, त्याआधी ते अॅमस्टरडॅमला एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होते, कंस न वापरता ओळ आत घेऊन गट दाखवायची रीत तिथून आली. पायथॉन फाइल वाचतो तेव्हा प्रत्येक ओळ किती आत आहे याचे आकडे एकावर एक रचून ठेवतो, सगळ्यात खाली शून्य. ओळ आणखी आत गेली की नवा आकडा वर ठेवतो, बाहेर आली की वरचे आकडे काढत जातो, आणि काढता काढता खालचा एखादा आकडा या ओळीशी तंतोतंत जुळला पाहिजे. ४ आणि ८ वर दाते असताना तू ६ वर येऊन थांबलास तर तो तिथेच अडतो, बाहेरच्या कोणत्याच पातळीशी जुळत नाही म्हणून. हे तेच झालं की नाही? दोन तुकडे लावून बघायचे, दातात दात बसला तर खरं, नाहीतर खोटं. एवढ्या शेकडो वर्षांनी शब्द फिरून आपल्या मूळच्या कामावर आला, आणि ज्या दिवशी माझ्या हे लक्षात आलं त्या दिवशी मी जेवण सोडून बायकोला सांगायला गेलो होतो.

तिने मला करवतकाठी दाखवली. आपल्या विदर्भाची साडी, नागपूर-भंडाऱ्याकडे हातमागावर विणतात, जीआय मानांकन मिळालेली, अंग टसरचं आणि काठावर करवतीचे दाते. काठाचा धागा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांवरून येतात आणि त्या दात्यांपाशी एकमेकांत अडकतात. तू तुझ्या एडिटरमध्ये दोन-तीन लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारे कोडचे गट) एकात एक असलेली फाइल उघड, अक्षरं न वाचता नुसती डावी कड बघ, आत जाते बाहेर येते, आत जाते बाहेर येते, आणि मग गांधीबागेतल्या एखाद्या दुकानात जाऊन करवतकाठीचा काठ बघ. मला तरी दोन्हीत फरक दिसत नाही. ज्या गावात हा काठ विणला जातो त्या गावच्या पोराने इंडेंटला समास म्हणावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर मेनूत ‘दाता वाढवा’ आणि ‘दाता कमी करा’ लिही, टॅबला पहिलं, शिफ्ट-टॅबला दुसरं. एका दात्यात ४ जागा ठेव, पायथॉनवाल्यांच्या पेप ८ मध्येही, म्हणजे कोड कसा लिहावा याच्या नियमावलीतही, ४ च सांगितल्यात. देवनागरी अक्षरं सारख्या रुंदीची नसतात म्हणून मराठी कॉमेंटच्या (कोडमध्ये माणसासाठी लिहिलेल्या टिपेच्या) मधोमध जागा देऊन रकाने जुळवायला जाशील तर वाकडे होतील, पण ओळीच्या सुरुवातीला फक्त कोऱ्या जागाच असतात, त्यामुळे दाते मात्र मराठी फाइलमध्येही सरळच दिसतील.

हां, अंडूचं राहिलं. ‘रद्द करा’ नको, ते कॅन्सलसाठी राखून ठेव, डायलॉग उघडला की तेच लागणार आहे. ‘पूर्ववत’ म्हणजे पहिल्यासारखं, वीजपुरवठा पूर्ववत झाला म्हणतो तसं, सेव्ह केलेली फाइल जशीच्या तशी परत आणायची असेल तिथे ते शोभेल. अंडू फक्त शेवटची एक करणी परत घेतो, म्हणून ‘मागे घ्या’. अर्ज मागे घेतो, मोर्चा मागे घेतो, बोललेला शब्द मागे घेतो, तसंच. रिडूला ‘पुन्हा करा’. फक्त एक बघ, एंटर दाबल्यावर एडिटर नव्या ओळीला आपोआप दाता देतो तेव्हा ती नवी ओळ आणि तो दाता दोन्ही एकाच ‘मागे घ्या’मध्ये गेले पाहिजेत, एक गेला आणि एक राहिला तर लिहिणारा वैतागतो. क्यूटी या प्रोग्रॅम बनवायच्या साधनसंचात करत असशील तर क्यूटेक्स्टकर्सरचे बिगिनएडिटब्लॉक आणि एंडएडिटब्लॉक त्याच्यासाठीच आहेत, दोन्हीच्या मधे हे काम टाक.